मध्येच थांबलेली बासरी

१

ऐकण्याच्या खोलीत सगळ्यांसमोर ती प्रत लावली गेली. मधला भाग आला आणि यंत्रातून काहीच ऐकू येईना.

बासरी नाही, ढोल नाही, साधी खरखरसुद्धा नाही. सगळे एकमेकांकडे पाहत राहिले. कुणीतरी खुर्चीत चुळबूळ केली, तेवढाच आवाज. मग एकदम शेवटचा भाग सुरू झाला, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

"हे कापलंय," बासरीवाली मुलगी म्हणाली. "माझ्या घरच्या प्रतीत सगळं आहे. तुम्हाला पाठवली तीही अख्खी होती. मधलं कुणीतरी पुसलंय."

कुणालाच ते नाकारता येईना.

हे एका छोट्या संगीत मासिकाचं कार्यालय होतं. मासिकाला नाव होतं, पण पैसा कधीच नव्हता. ते सुरू करणारे गृहस्थ सुरुवातीला मैफलीच्या मध्यंतरात सभागृहाच्या दारात उभे राहायचे आणि चहा प्यायला बाहेर येणाऱ्यांच्या हातात एकपानी अंक फुकट ठेवायचे. लोक त्या कागदात भजी गुंडाळायचे. पुढे त्यांनी एक पद्धत सुरू केली आणि तिथून सगळं पालटलं. परीक्षणासाठी आलेल्या रेकॉर्डिंगवरचं नाव काढायचं, फक्त क्रमांक द्यायचा. परीक्षकाने बंद खोलीत एकट्याने ऐकायचं आणि लिहायचं. कुणाचं ऐकलं, ते त्याला अंक छापून आल्यावरच कळायचं.

पहिल्याच वर्षी परीक्षकाने एका गाण्याची सालटी काढली. नंतर कळलं की गाणारा मालकांचाच सख्खा भाऊ होता. मालकांनी एक शब्द न बदलता ते छापलं. भाऊ पुढे कित्येक वर्षं त्यांच्या घराची पायरी चढला नाही. पण गावात बोलबाला झाला. जे मासिक भावाला सोडत नाही, ते आपल्याला फसवणार नाही, असं लोकांना वाटलं. वर्गणीदार वाढले ते तेव्हापासून.

तो परीक्षक अजून तोच होता. सगळे त्याला काका म्हणत. लोक मासिकाची वर्गणी भरत ती खरं म्हणजे काकांच्या कानांसाठी.

आणि या महिन्यात काकांनी लिहिलं होतं:

"सुरुवातीला बासरी मोकळी वाटते. मधल्या भागात मात्र वादक चक्क गप्प बसतो. ढोल बिचारा ठेका धरून वाट पाहत राहतो, यजमान घरात नसताना दारात ताटकळणाऱ्या पाहुण्यासारखा. ज्याला सांगण्यासारखं काही नाही, त्याने लोकांचा वेळ घेऊ नये."

मुलगी शिकाऊ होती, हे तिचं पहिलंच रेकॉर्डिंग. अंक बाहेर पडला आणि तिचे ठरलेले कार्यक्रम एकेक करत रद्द झाले. पण ती रडत बसली नाही. आपली प्रत घेऊन थेट कार्यालयात आली.

"प्रती उतरवून घेतो कोण?" जावईबापूंनी विचारलं. ते मालकांचे जावई. मालक वारल्यावर त्यांची लेक संपादक झाली आणि अंकाचा खप हे सांभाळू लागले. कार्यालयातली मंडळी त्यांना जावईबापू म्हणत, आधी पाठीमागे, मग तोंडावरही. "नाव काढून क्रमांक टाकतो कोण? यंत्राला हात लावतो कोण?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या माणसाकडे वळल्या. आवाजाचं सगळं काम तो बघायचा. खांद्यावर सदा तारेचं वेटोळं असायचं म्हणून त्याचं नाव पडलं होतं वायर.

"मी अख्खी उतरवली होती," वायर म्हणाला. "आईशप्पथ, अख्खी होती."

"आणि तू घरी दुसऱ्या एका बासरीवाल्याचं रेकॉर्डिंग करतोयस, ते खोटं का?"

ते खरं होतं.

त्याने संपादक ताईंकडे पाहिलं. शाळेत दोघं एका वर्गात होती. ताई टेबलाकडे बघत राहिल्या.

"किल्ली ठेव इथे," जावईबापू म्हणाले, "आणि चालता हो."

२

दुसऱ्या दिवशी सकाळी वायर बाईंच्या दारात उभा होता. बाई म्हणजे त्याला आणि ताईंना शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई. निवृत्त झाल्या तरी घरी मुलं यायचीच, आणि मासिकातलं मुलांचं पानही त्याच लिहायच्या.

"आत ये की. दारात उभं राहायला तू काय वीज मीटर बघायला आलायस?"

तो आला, पण बसला नाही. डोळे सुजले होते.

"बाई, मी संपलो."

"बस आधी. संपलेल्या माणसालाही खुर्ची लागते."

त्याने सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. लहान मुलं गोष्ट सांगतात तेव्हा त्यांना मध्येच थांबवलं तर ती मुख्य गोष्टच विसरतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. मोठ्यांचंही काही वेगळं नसतं.

"नोकरीचं नाही हो एवढं," तो शेवटी म्हणाला. "पण माझ्या धंद्यात माणूस आपला आवाज माझ्या हातात देतो. मी कुणाचं तरी कापलं असं एकदा झालं, की मला कोण दारात उभं करील? तो माझा बासरीवालासुद्धा काल येऊन आपलं रेकॉर्डिंग घेऊन गेला. म्हणाला, राग मानू नकोस. बायको म्हणते दुसरं काही कर. दुसरं काय करू? मला दुसरं येतं काय?"

"यंत्रावर तारीख असेल ना? कधी पुसलं त्याची?"

"त्या यंत्राचं घड्याळ कधीच मेलंय. दर वेळी तीच जुनी तारीख दाखवतं. ताईंना किती वेळा सांगितलं, बदलून घ्या. आणि बाहेर कशाला जोडायचंही नाही, असा ताईंच्या वडिलांचा, मोठ्या साहेबांचा नियम. कुणी आत बघू नये म्हणून."

"खोलीची किल्ली कुणाकुणाकडे?"

"माझ्याकडे, ताईंकडे, जावईबापूंकडे, काकांकडे."

"आणि पुसायला फार अक्कल लागते?"

वायरला एवढ्यातही हसू फुटलं. "जावईबापूंना जमेल, बाई. एवढं सोपं आहे."

"मला एक सांग. त्यातली नुसती बासरी पुसता येते? ढोल तसाच ठेवून?"

"छे. दोघांना एकत्र बसवून एकाच माइकवर घेतलेलं आहे. जाईल तर सगळंच जाईल."

बाईंनी त्या महिन्याचा अंक उघडला आणि काकांचं परीक्षण वाचलं. मग परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि तिथंच राहिलं.

"काय झालं बाई?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. "तू घरी जा. आणि कुणाशी भांडू नकोस. तू कापलेलं नाहीस, एवढं मला आत्ताच कळलंय."

३

बैठकीनंतर मुलगी आपली प्रत घेऊन वाचकांकडे गेली आणि त्यांना ऐकवू लागली. ज्यांनी ऐकली ते चिडले, आणि काही दिवसांतच जावईबापूंच्या खोलीत दोरी न सोडताच परत आलेले गठ्ठे छतापर्यंत रचले गेले. बाई गेल्या तेव्हा ते त्यांच्या मधोमध बसले होते, पूर आल्यावर माडीवर अडकलेल्या माणसासारखे.

"या बाई. बसायला जागा नाही, या गठ्ठ्यावर बसा. तेवढाच उपयोग."

"तुमचं काय मत आहे?"

"माझं मत कोण विचारतं? मी सांगून थकलो, ही आंधळी परीक्षा बंद करा. आज कोण बसतंय ऐकत? कलाकारांच्या मुलाखती छापा, त्यांचे फोटो टाका, ते आपले चाहते घेऊन येतील. प्रत्येक गायकामागे शेकडो लोक असतात. आपण काय करतो? गायकाला शिव्या घालतो आणि मग त्याच्या माणसांकडे वर्गणी मागतो!"

"म्हणजे ही पद्धत मोडली तर तुम्हाला वाईट वाटणार नाही."

जावईबापू लालबुंद झाले. "बाई, सरळ विचारा. मी कापलं का, असंच ना?"

"मी सरळच विचारतेय."

"मी गावोगाव फिरून दुकानदारांच्या हातापाया पडत होतो, अंक समोर मांडा म्हणून. परत आलो तो सामान न टाकता थेट त्या बैठकीत. त्या मुलीची तक्रार आहे हे मला तिथं कळलं, सगळ्यांसमोर! माझीच बायको, पण मला आधी एक शब्द नाही." त्यांनी गठ्ठ्यावर हात आपटला. धूळ उडाली. "मला पद्धत नको होती, खरंय. पण मासिक बुडावं असं कसं वाटेल? माझंही घर यावरच चालतं. आणि सासऱ्यांना मी शब्द दिलाय."

"वायरला काढायची एवढी घाई का केलीत?"

"कुणावर तरी आलं पाहिजे ना!" ते बोलून गेले आणि मग स्वतःच दचकले. "म्हणजे, लोकांना दोषी दाखवावा लागतो. काकांवर आलं तर संपलं सगळं. काकांचे कान म्हणजे आमची दुकानाची पाटी."

बाई उठल्या. दारात पोचल्यावर त्यांनी विचारलं, "बैठकीला काका नव्हते?"

"नाही. त्यांना नंतर फोनवर सांगितलं, प्रत कापलेली निघाली म्हणून. किती खूश झाले म्हणता!"

४

काकांच्या दाराला चिमणीसारखी चिवचिवणारी बेल होती. बाईंनी ती दाबली. आतली चिवचिव बाहेर स्पष्ट ऐकू आली. खिडकीतून काका दिसत होते, बेलच्या खालीच आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेले. त्यांनी पान उलटलं.

बाईंनी पुन्हा बेल दाबली. काकांनी चष्मा पुसला.

बाईंनी मग दारावर थाप मारली. काका लगेच उठले.

"या या! बेल बिघडलीय कधीची. हिला सांगतोय, माणूस बोलाव, माणूस बोलाव. ऐकेल तर शपथ."

काकू स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाल्या.

"काय? पुटपुटू नकोस गं! हल्ली ही तोंडातल्या तोंडात बोलते. बसा बाई. पंखा बंद करतो, त्याच्या घरघरीत काही समजत नाही."

काकू पाणी घेऊन आल्या. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि नजर वळवली.

"वायरने असं करायला नको होतं," काका म्हणाले. "चांगला पोरगा. पण माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला बोलू? तक्रार झालीय आणि प्रत कापलेली निघालीय, दोन्ही मला एकाच फोनवर कळलं. आयुष्यभर एकच गोष्ट केली, जे ऐकलं तेच लिहिलं. माझ्यापाशी दुसरं आहे काय? पेन्शन नाही, पोरबाळ नाही. कान आहेत."

"तुम्हाला त्या मधल्या भागातलं काय आठवतं?"

"सगळं आठवतं! मी काय विसरतो होय?" काकांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या हातावर ठेका धरला. धीमा, भरदार ठेका. "असा. सुरेख हात होता ढोलवाल्याचा. जरा म्हणून घाई नाही. मला त्याचीच दया आली. एवढा छान गालिचा अंथरलाय आणि त्यावर बसायला कुणी येतच नाही!"

"ढोल तुम्हाला पूर्ण ऐकू आला?"

"म्हणजे काय? पहिल्यापासून शेवटपर्यंत!"

काका अजून ठेका धरून होते. बाईंनी काकूंकडे पाहिलं. काकू पदराने डोळे टिपत होत्या.

५

आता बाईंना एकच गोष्ट कळायची राहिली होती, आणि ती फक्त बासरीवाली मुलगी सांगू शकत होती.

मुलगी एका शिवणकामाच्या दुकानावरच्या खोलीत राहत होती. खाली यंत्रं खडखडत होती, वर ती वीतभर लांबीच्या बासरीवर रियाज करत होती. एवढी छोटी बासरी, तिचा आवाज कपाटाच्या काचेला जाऊन लागत होता. मधल्या भागात ती आणखी वर जायची, अगदी टोकाला, तेही फुंकर जेमतेम लावून. कोळ्याच्या जाळ्यावर दव थरथरावं तसा तो आवाज होता.

"तुम्हाला ऐकू येतंय ना?" तिने थांबून विचारलं. "मला आता शंकाच यायला लागलीय. मी वाजवते ते खरंच वाजतं का?"

"वाजतं, बाळा. छान वाजतं. मला एक सांग, तू तक्रार घेऊन कार्यालयात पहिल्यांदा गेलीस तेव्हा तिथं कोण कोण होतं?"

"ताई एकट्याच होत्या. बाकी कुणी नव्हतं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. पाणी दिलं. माझी प्रत ऐकायचीय का विचारलं, तर म्हणाल्या, नको, आमच्याकडे आहे, आम्ही तीच लावू. उद्या सगळ्यांसमोर लावू. आणि तोवर कुणाशी बोलू नकोस, असंही म्हणाल्या." तिने बासरी मांडीवर ठेवली. "खरं तर फार प्रेमाने बोलल्या. जाताना माझा हात धरला त्यांनी. हात बर्फासारखा गार होता."

खालची यंत्रं एकदम थांबली. शाळेत पहिल्या बाकावर बसणारी, कधी खोटं न बोलणारी दोन वेण्यांची मुलगी बाईंना आठवत होती.

६

कार्यालयात फक्त ताई होत्या. बाईंनी त्यांच्यासमोर अंक ठेवला.

"वर्गात करायचो तसं करू या," बाई म्हणाल्या. "मी एकेक पायरी सांगते. चुकलं तर तू थांबव."

ताईंनी मान हलवली.

"कापलेल्या प्रतीत मधे बासरी नाही आणि ढोलही नाही. एकाच माइकवर घेतलेलं, त्यामुळे दोन्ही गेले. पण काकांनी लिहिलंय की ढोल वाट पाहत राहिला. कापलेली प्रत ऐकणाऱ्या माणसाला ढोल ऐकू येणारच नाही. म्हणजे काकांनी ऐकली ती प्रत अख्खी होती. वायरने ती अख्खीच उतरवली होती. खरं ना?"

ताईंनी थांबवलं नाही.

"म्हणजे काकांना ढोल ऐकू आला आणि बासरी नाही. त्यांच्या घरची बेल वाजते, ती त्यांना ऐकू येत नाही. दारावरची थाप येते. काकूंचा बारीक आवाज येत नाही. कान म्हातारा होतो तो वरच्या बाजूने, गं. खालचे सूर राहतात आणि वरचे एकेक करून निघून जातात. ज्याचे जातात त्याला पत्ता लागत नाही, कारण जे ऐकूच येत नाही ते गेलंय हे त्याला कळणार कसं?"

"बाई, पुरे."

"एकच पायरी राहिली. प्रत नंतर कापली, परीक्षण खरं ठरावं म्हणून. तक्रार येण्याआधी कुणाला तसं करायचं कारण नव्हतं. आणि तक्रार आलीय हे बैठकीच्या आधी एकाच माणसाला ठाऊक होतं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं. ताईंनी उठून खिडकी लावून घेतली.

"मला वर्षभर माहीत आहे," ताई शेवटी म्हणाल्या. "एका नाचाच्या रेकॉर्डिंगमध्ये बारीक घुंगरं होती. काकांनी लिहिलं, नर्तकीच्या पायात काही नाही. मी ती ओळ गुपचूप बदलली. तेव्हापासून प्रत्येक रेकॉर्डिंग मी आधी ऐकते आणि काकांचं लिखाण दुरुस्त करते. नाव बघून ऐकते, बाई! बाबांच्या पद्धतीला मीच मूठमाती दिलीय. या वेळी अंक छपाईला जायला उशीर झाला. एक महिना नाही ऐकलं मी. फक्त एक महिना."

"काकांना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमचे कान गेले? त्यांच्याकडे दुसरं आहे काय? आणि ते गेले तर आमच्याकडे तरी काय आहे?" ताईंनी तोंड झाकलं. "मला वाटलं, यंत्राचा दोष निघेल. कुणाचं नाव यायचं नाही. पण यांनी वायरकडे बोट दाखवलं आणि माझी जीभ उचलेना. बाई, मी रोज ठरवते, आज सांगेन. सकाळी उठते आणि जमत नाही."

"आता जमवावं लागेल. काकांना मी बोलावलंय. वायरलाही. पावलं वाजतायत बघ जिन्यावर."

७

काका नेहमीच्या खुर्चीत बसले. वायर दारातच उभा राहिला. ताईंकडे त्याने पाहिलं नाही.

"मुलीच्या घरची प्रत आहे," बाई काकांना म्हणाल्या. "अख्खी. एकदा ऐका. मी तुम्हाला आधी काहीतरी सांगणार होते, पण..."

"ऐकल्यावर सांगा," काका उत्साहाने म्हणाले. "त्या पोरीवर अन्याय झालाय, मी नव्याने लिहीन. लाव रे वायर. झालं गेलं विसर."

वायरने लावली.

पहिला भाग झाला. काकांनी मान डोलावली. मग मधला भाग आला. ढोल सुरू झाला आणि त्याच्यावर बासरी चढली, वर, आणखी वर, इतकी नाजूक की वायरने नकळत श्वास रोखला. भिंती, काच, टेबलावरची टाचणी, सगळीकडे ती पसरली होती.

काकांनी ठेका धरला. चेहरा प्रसन्न. ते वाट पाहत होते.

"तोच ढोल," ते हळूच म्हणाले. "वा. आता येईल हं बासरी."

काकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग डोळे उघडून तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. वायरच्या गालावरून पाणी ओघळत होतं. ताईंनी मान खाली घातली होती. काकांचा हात खुर्चीवर थबकला.

"वाजतेय?" त्यांनी विचारलं. "आत्ता वाजतेय?"

"हो, काका," वायर म्हणाला.

शेवटपर्यंत कुणी यंत्र बंद केलं नाही. संपल्यावर ताई उठल्या आणि काकांच्या पायाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं. घुंगरांपासून. काका ऐकत राहिले, आणि प्रत्येक वाक्यागणिक खुर्चीत थोडे थोडे लहान होत गेले.

"वर्षभर," ते म्हणाले. "वर्षभर तू माझं लिहीत होतीस आणि मला लोक शाबासकी देत होते. ते काय प्रेम होतं गं? त्यापेक्षा दारात येऊ दिलं नसतंस तर बरं."

मग काका वायरकडे वळले. "तू ऐकलंस ना? तुला लक्षात आहे?"

"आहे."

"मला म्हणून दाखव. खालच्या सुरात. अगदी खर्जात. जमेल?"

वायरने घसा साफ केला. त्याचा आवाज काही गाणाऱ्याचा नव्हता, खरखरीत होता. पण त्याने ती बासरी जशीच्या तशी खाली उतरवली, तिची प्रत्येक हरकत, प्रत्येक विसावा. काका पुढे वाकले, कान त्याच्या छातीजवळ नेला. वायर थांबल्यावरही ते तसेच राहिले.

"अरे," ते म्हणाले. "किती काय काय सांगत होती ती. आणि मी म्हटलं, सांगण्यासारखं काही नाही."

त्यांनी तिथंच बसून मजकूर सांगितला आणि बाईंनी लिहून घेतला. ही बासरी मला ऐकू आली नाही. दोष माझ्या कानांचा आहे, वादकाचा नाही. ज्याला ती ऐकू आली त्याने मला ती म्हणून दाखवली, आणि तेवढ्यावरून मी सांगतो की ही वादक मोठी होईल. यापुढे मी परीक्षणं लिहिणार नाही.

त्याखाली ताईंनी आपला मजकूर लिहिला.

संध्याकाळी जावईबापूंनी तो वाचला आणि मटकन गठ्ठ्यावर बसले. "हे छापलंस तर पुढच्या महिन्यात कुलूप लागेल. कळतंय ना? वर्षभर लोकांना फसवलं, असं आपणच छापायचं?"

"हो."

"कुणी वाचायलाही उरणार नाही!"

"त्या मुलीला वाचायचंय," ताई म्हणाल्या. "आणि वायरला. पहिल्या पानावर टाका."

छपाईला जाण्याआधी त्या पानाचं प्रूफ घेऊन ताई स्वतः वायरच्या घरी गेल्या. बाईही सोबत होत्या. वायरने दोघींना बसायला खुर्च्या दिल्या आणि उभ्याने वाचलं. प्रत संपादकांनी स्वतः कापली, असं स्पष्ट लिहिलं होतं. वायरचं नाव पूर्ण छापलं होतं, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे होतं की आमच्या या ध्वनिमुद्रकाचा यात काडीचाही दोष नाही, त्याने आपलं काम चोख केलं होतं.

"किल्ली तुझ्या टेबलावर ठेवलीय," ताई म्हणाल्या. "मासिक राहील तोवर... तू यावंस. वायर, मी त्या दिवशी मान वर करायला हवी होती."

वायरने खिडकीतली पेन्सिल घेतली, कागद भिंतीला टेकवला, आणि पुन्हा एकदा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. मग एका शब्दावर सावकाश, सरळ रेघ मारली आणि कागद परत दिला.

ताईंनी पाहिलं. बाकी सगळं तसंच होतं. त्याने फक्त 'आमच्या' खोडलं होतं.

"एवढं दुरुस्त करा," तो म्हणाला. "मग छापा."